भोर घाट कधी येणार?

या महिन्यातल्या निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय एकच आहे. कल्याण, कर्जत आणि पुण्यातली काही तरुण मंडळी ‘ओपन रेल्स’ या संगणकावर रेल्वेगाडी चालवण्याच्या, फुकट मिळणाऱ्या सिम्युलेटरसाठी कर्जत ते लोणावळा हा घाट बांधत आहेत. दिवसभर नोकरी करून रात्री जागून हे काम चाललं आहे आणि त्यात पैशाचा संबंध नाही. मी मध्य रेल्वेत ड्रायव्हर होतो. सुरुवात असिस्टंट म्हणून झाली, मग मालगाड्या आल्या आणि नोकरीचा मोठा काळ घाटात बँकरवर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणाऱ्या जादा इंजिनावर, गेला. म्हणून चढ-उतार, सिग्नल आणि घाटाचे नियम तपासायला ही मुलं मला बोलावतात आणि मी आनंदाने जातो. वाचकांची उत्सुकता मला समजते, कारण मीही तितकाच वाट पाहतो आहे. पत्रं बरीच असल्यामुळे सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: रूळ टाकून झाले, बोगदे झाले, दऱ्यांची हिरवी चित्रंही पाहिली. दर महिन्याला वाटतं आता मार्ग हातात पडेल. नेमकं अडलंय कुठे? (संगणक क्षेत्रातले वाचक, चिंचवड)

उत्तर: चढावर अडलं आहे, आणि तिथे अडायलाच हवं होतं.

भोर घाटाचा चढ १ इन ३७ आहे. म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे गेली की १ मीटर वर चढलेली असते. कर्जत सोडल्यापासून लोणावळ्यापर्यंतच्या २८ किलोमीटरमध्ये गाडी पाचशे मीटरहून जास्त उंची गाठते. आता हिशेब करू. २४ डब्यांच्या गाडीचं वजन साधारण १,२०० टन धरा. पुढचं डब्ल्यूएपी-७ इंजिन स्वतः १२३ टनांचं. एकूण झाले १,३२० टनांच्या आसपास. याला ३७ ने भागा. सुमारे साडेपस्तीस टनांचा जोर ही गाडी मागे सरकू न देता नुसती जागेवर धरून ठेवायला लागतो. आणि डब्ल्यूएपी-७ ची सुरू होतानाची जास्तीत जास्त ओढ आहे ३३ टन! सपाटीवर १३० च्या वेगाने धावणारं हे तगडं इंजिन या चढावर एकटं उभं केलं तर गाडी हलणार नाही. कर्जतला मागे बँकर लागतात ते एवढ्यासाठी.

सिम्युलेटरमध्ये हे गणित उतरलं नाही तर घाट हे नुसतं चित्र राहतं. मला पहिल्यांदा दाखवलेल्या आवृत्तीत पळसधरीच्या पुढे गाडी बँकरशिवाय सरळ चढत गेली. दृश्य फार देखणं होतं. मी मुलांना म्हटलं, ही गाडी थांबायला हवी होती. मग शोध सुरू झाला आणि कारण सापडलं ते जमिनीत.

अशा मार्गाची जमीन बहुतेक वेळा उपग्रह-नकाशांवरून घेतात. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानाने रडारने पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची मोजली, ती माहिती सर्वांना मोफत मिळते. पण त्यात साधारण दर ३० मीटरला उंचीचा एक आकडा आहे. सपाट प्रदेशात एवढं पुरतं. सह्याद्रीच्या कड्यावर ३० मीटरमध्ये माणूस एका जगातून दुसऱ्या जगात जातो. शिवाय रडारला दाट झाडीचा शेंडाच जमीन वाटतो आणि डोंगराच्या पोटातला बोगदा तर त्याला दिसतच नाही. या जमिनीवर रूळ अंथरले की कुठे चढ १ इन २० होतो, तर पुढच्याच वळणावर रूळ सपाट होतात. सरासरी बरोबर येते, पण गाडी सरासरीवर चालत नाही.

आता काम उलट्या बाजूने चाललं आहे. आधी चढाच्या तक्त्याप्रमाणे रूळ बसवायचे आणि मग डोंगर त्या रुळांना जुळवून घ्यायचा. एका वळणावर रूळ हलले की पुढचा बोगदा, त्याच्या तोंडाची दगडी कमान, विजेचे खांब, सिग्नल असं सगळं हलतं. तीन मार्गिका असल्यामुळे हे तिप्पट होतं. तुम्ही संगणकातले आहात, एका ठिकाणचा बदल किती ठिकाणी पोचतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी अडचण रुळांच्या रुंदीची. ओपन रेल्स हा २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या घडणीवर उभा आहे. त्या खेळात सहा मार्ग होते. इंग्लंड, ऑस्ट्रिया आणि अमेरिका मिळून चार, जपानमधले दोन. भारतातला एकही नव्हता. त्यातले तयार रूळ १,४३५ मिलिमीटर रुंदीचे आहेत. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. हा फरक पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही असं काहींना वाटतं. पण घाटात ज्याने वर्षानुवर्षं समोरच्या काचेतून रूळ पाहिले आहेत, त्याला तो पहिल्या क्षणी खटकतो. म्हणून सांधे, वळणं, एका मार्गिकेवरून दुसरीवर नेणारे क्रॉसओव्हर सगळं नव्याने आपल्या मापात घडवलं जात आहे.

तारीख मी सांगणार नाही. मुलांनाही सांगू देणार नाही. तारीख जाहीर झाली की त्या तारखेला बसेल एवढंच काम होतं, आणि जे राहून जातं ते कायमचं राहतं. पूर्ण लोडची गाडी कर्जतहून बँकर लावून लोणावळ्याला पोचेल आणि बँकर न लावता चढावर अडेल, या दोन्ही गोष्टी घडल्या की मार्ग तुमच्या हातात येईल.

प्रश्न: काका, बँकर मागेच का लावतात? पुढेच तीन इंजिनं जोडली तर एकाच ड्रायव्हरने काम होईल ना? आणि मार्ग आला की मला बँकर चालवता येईल का? (अकरावीतली विद्यार्थिनी, नाशिक रोड)

उत्तर: तू नाशिक रोडची, म्हणजे कसारा घाट तुझ्या दाराशी आहे. तिथेही चढ १ इन ३७ चाच आहे आणि तिथेही बँकर लागतात, तेव्हा हे उत्तर दोन्ही घाटांना लागू.

सगळी ओढ पुढून लावली तर इंजिन आणि पहिल्या डब्यामधल्या कपलिंगवर पूर्ण गाडीचा ताण येतो. मागच्या डब्यांकडे जाताना तो कमी होत जातो. मागून ढकललं की ताण वाटला जातो. पुढचे काही डबे ओढले जातात, मागचे ढकलले जातात आणि मध्ये कुठेतरी एक जागा अशी असते जिथे ओढही नाही आणि रेटाही नाही. दुसरं कारण याहून मोठं आहे. चढावर कपलिंग तुटलंच तर मागचे सुटलेले डबे दरीच्या दिशेने पळतात. ब्रेकच्या हवेचा पाइप तुटल्यामुळे ब्रेक आपोआप लागतात हे खरं, पण १ इन ३७ वर एकाच गोष्टीच्या भरवशावर कोणी गाडी सोडत नाही. मागे बँकर असला की त्या डब्यांना पाठ मिळते.

बँकरवरचं काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा नाजूक आहे. तुझ्यासमोर सिग्नल नसतो, गाडीचा शेवटचा डबा असतो. पुढचा ड्रायव्हर काय करतो आहे ते तुला कळायचे मार्ग म्हणजे त्याची शिट्टी, वॉकी-टॉकीवरचा आवाज, विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अँमीटरचा काटा आणि पायाखालचा धक्का. जास्त रेटा दिलास तर वळणावर डबे एकमेकांवर दाबले जातात, कमी दिलास तर पुढच्या इंजिनाची चाकं घसरू लागतात. पावसाळ्यात बोगद्याबाहेर येताच ओला रूळ लागतो, तिथे वाळू सोडायची वेळ चुकवायची नाही. ओपन रेल्समध्ये पावसात चाकांची पकड कमी होते. या मार्गाला ही गोष्ट फार मोलाची आहे.

तू बँकर चालवू शकशील का? सिम्युलेटरच्या नेहमीच्या रचनेत मागचं इंजिन पुढच्या हँडलला बांधलेलं असतं. तू पुढे नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराची पायरी, वाढवलास की मागचंही त्याच क्षणी वाढतं. घाटात तसं घडत नाही. मागचा नॉच वेगळा ठेवण्याची सोय करता येते आणि ती या मार्गात असावी असा माझा हट्ट आहे. एक मुलगी पुढे, एक मागे, दोघी वेगवेगळ्या घरांत बसून एकच गाडी चढवत आहेत, हे पाहायची मला फार इच्छा आहे.

प्रश्न: माझे आजोबा जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत होते. ते घाटातल्या रिव्हर्सिंग स्टेशनबद्दल सांगत. जुना मार्ग करायचा विचार आहे का? आणि ‘खेकडा’ इंजिन मिळेल का? (निवृत्त बँक कर्मचारी, दादर)

उत्तर: तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला.

भोर घाटाचा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. कड्याच्या एका टोकावर वळण घ्यायला जागाच नव्हती, म्हणून त्यांनी तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी आत यायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट दिशेने पुढची चढण सुरू व्हायची. या बांधकामात एक नाव नेहमी घ्यायला हवं. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ठेका सोडला नाही, काम पुढे नेलं. आणि ज्या हजारो मजुरांनी कड्यावरून दोराला लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडली, त्यांच्यातले कितीतरी पटकीने आणि अपघातांनी तिथेच गेले. त्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत. मार्गाच्या सुरुवातीला जी माहिती दिसणार आहे, तीत या सगळ्यांचा उल्लेख यावा असं मी मुलांना सांगितलं आहे आणि त्यांनी ते मानलं आहे.

१९२९ मध्ये नवी वाट काढून रिव्हर्सिंग स्टेशन बंद केलं. त्याच सुमारास घाटात १,५०० व्होल्ट डीसी वीज आली आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. म्हणजे डेक्कन क्वीनला रिव्हर्सिंगला कधी थांबावं लागलं नाही. जुना मार्ग हवा तर तो वाफेच्या इंजिनांचा करावा लागेल. त्यासाठी जुने नकाशे हवेत. आजोबांच्या पेटीत कार्यकारी वेळापत्रक, चढाचा तक्ता, एखादं छायाचित्र असं काही असेल तर जपून ठेवा. मूळ कागद पाठवू नका, फक्त फोटो काढून पाठवा.

खेकड्याबद्दल. १९२८ च्या सुमारास आलेलं ईएफ-१, पुढे डब्ल्यूसीजी-१, हे विजेचं मालवाहू इंजिन. दोन्ही बाजूंना लांब नाक, मध्ये सांधा आणि बाहेरून दिसणारे चाकं जोडणारे दांडे. आमच्या आधीच्या पिढीने त्याला खेकडा म्हटलं. उभं असताना ते कण्हल्यासारखा आवाज करी आणि चालताना दांड्यांची सरसर ऐकू येई. ते मिळावं असं मलाही वाटतं. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आणि वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये हे इंजिन पाहता येतं. वरळी तुम्हाला जवळच आहे. नातवंडांना घेऊन जा आणि चाकांच्या बाजूने, सरळ समोरून, पट्टी धरून फोटो काढता आले तर काढा. कारागिराला असे फोटो सर्वात उपयोगी पडतात. आवाजाचा प्रश्न मात्र कठीण आहे. ज्यांनी ते इंजिन चालताना ऐकलं ती माणसं आता थोडी उरली आहेत. असा कोणी तुमच्या माहितीत असेल तर मला जरूर कळवा, मी स्वतः भेटायला जाईन.

प्रश्न: घाट उतरण्यात काय मजा? मी तर फक्त चढणार. (नववीतला विद्यार्थी, अंबरनाथ)

उत्तर: उतरणं हेच खरं काम आहे, बाळा. चढताना चुकलास तर गाडी थांबते. उतरताना चुकलास तर गाडी थांबत नाही.

पुण्याकडून येणाऱ्या गाडीला घाटात उतरण्याआधी ब्रेकची परीक्षा द्यावी लागते. पुढे उतारावर जागोजागी कॅच सायडिंग आहेत. मुख्य रुळापासून फुटून डोंगराच्या बाजूला चढत जाणारा हा आंधळा फाटा असतो. सांधा मुळातच त्या फाट्याकडे वळवलेला असतो. गाडी सिग्नलपाशी पूर्ण थांबली, म्हणजे ती ड्रायव्हरच्या ताब्यात आहे हे सिद्ध झालं, की मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो आणि सिग्नल ऑफ होतो, म्हणजे पुढे जायची परवानगी देतो. ताब्यात नसलेली गाडी फाट्यावर चढून वाळूत रुतते. खाली कर्जतच्या दिशेने सुटत नाही.

तू ब्रेक पाइपचं प्रेशर बघायला शिक. ५ किलो भरलेलं असतं. प्रत्येक वेळी ब्रेक लावला की ते उतरतं, सोडला की पुन्हा भरायला वेळ लागतो. डबे जितके जास्त तितका वेळ जास्त. पुन्हा-पुन्हा लावत-सोडत गेलास तर हवा भरायच्या आत पुढचा ब्रेक लागेल आणि हाताशी काही उरणार नाही. म्हणून इंजिनाचा विजेचा ब्रेक आधी आणि हवेचा ब्रेक मोजून. मार्ग येईपर्यंत कोणत्याही उताराच्या मार्गावर हा सराव कर.

प्रश्न: आम्ही चार मित्र मंकी हिल ते ठाकूरवाडी रुळांवरून चालत जाऊन बोगद्यांचे फोटो काढून देऊ शकतो. मार्ग लवकर यायला मदत होईल. (महाविद्यालयीन विद्यार्थी, पिंपरी)

उत्तर: नाही. ठामपणे नाही.

रुळांवर विनापरवाना जाणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. कैदेचीही तरतूद आहे. पण कायद्यापेक्षा मला तुमच्या जिवाची काळजी आहे. घाटातल्या बोगद्यात रूळ आणि भिंत यांच्यात माणूस उभा राहील एवढी जागा सगळीकडे नाही. खाली येणारी गाडी वळणावर आवाज न करता येते. तीन मार्गिका असल्यामुळे एका गाडीपासून सरकताना माणूस दुसरीच्या पुढे जातो. ड्रायव्हरच्या जागेवरून हे कसं दिसतं ते मला माहीत आहे आणि कुठल्याही मुलाने ते दृश्य एखाद्या ड्रायव्हरच्या वाट्याला आणू नये.

मदत करायचीच असेल तर डेक्कन एक्स्प्रेसच्या व्हिस्टाडोम डब्याचं तिकीट काढा. २०२१ पासून हा काचेच्या छताचा डबा या मार्गावर आहे. कर्जत ते लोणावळा सलग चित्रण करा, एक मित्र डाव्या खिडकीशी, दुसरा उजव्या. तिसऱ्याने वहीत खांबांचे आकडे लिहावेत. विजेच्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि त्या किलोमीटरमधला खांबाचा क्रमांक असतो. चित्रणातला धबधबा, कमान किंवा केबिन नेमकी कुठे आहे हे त्या आकड्यावरून बसवता येतं. चौथ्याने काहीही न करता घाट पाहावा, आणि दुसऱ्या फेरीत पाळी बदलावी.

प्रश्न: कोकण रेल्वे पूर्ण का कोणी करत नाही? आमच्याकडे सगळे त्याचीच वाट पाहतात. (शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर: गुरुजी, लांबी बघा. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर. या सिम्युलेटरमध्ये जमीन सुमारे दोन किलोमीटर बाजूच्या चौकोनांत विभागलेली असते. फक्त रुळाखाली येणारे चौकोनच साडेतीनशेच्या पुढे जातात, आजूबाजूचे डोंगर वेगळेच. वर नव्वदहून अधिक बोगदे आणि लहान-मोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. एवढा मार्ग एकाच दमात कोणी हाती घेतला तर तो अर्धवटच राहणार.

माझं मत, चिपळूण ते रत्नागिरी एवढाच तुकडा आधी घ्यावा. त्यात साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा येतो. रत्नागिरीच्या पुढे थोडं सरकलं की ६४ मीटर उंचीचा पानवल नदीवरचा पूल येतो. चढ इथे अडचणीचा नाही, १ इन १५० च्या पलीकडे जात नाही. इथला जीव आहे एकेरी मार्गाच्या क्रॉसिंगमध्ये. उक्षी स्टेशनात लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं राहून समोरून येणाऱ्या राजधानीची वाट पाहायची, ती धडधडत गेली की आपला स्टार्टर (स्टेशनातून निघायचा सिग्नल) ऑफ व्हायचा, हे जमलं तर मार्ग जमला. ट्रकांनी भरलेली रो-रो गाडी हवी. पावसाळी वेळापत्रक हवं, ज्यात वेग उतरवलेले असतात. आणि दोन काळ ठेवावेत: २०२२ मध्ये पूर्ण मार्गावर वीज आली, त्याआधीचा डिझेलचा आणि नंतरचा विजेचा. डिझेलचा काळ आधी करा, त्याला विजेचे खांब उभे करावे लागत नाहीत. तुमच्या शाळेतली मुलं स्टेशनांचे आराखडे काढू शकतील का? फलाटावरून, तिकीट काढून, स्टेशनमास्तरांना विचारून.

प्रश्न: इथे मुलाला सेटल ते कार्लाइल मार्ग फार आवडतो. त्याला भोर घाट कसा वाटेल? (मराठी कुटुंब, लेस्टर)

उत्तर: तो सुंदर मार्ग आहे. १८७६ मध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या, रिबलहेडचा २४ कमानींचा पूल त्यावरच आहे, आणि १९८० च्या दशकात तो बंद पडायच्या बेतात असताना लोकांनी लढून वाचवला. तिथल्या प्रसिद्ध लांब चढणीचा चढ १ इन १०० आहे. त्याच १,३२० टनांच्या गाडीला तिथे साधारण १३ टनांचा जोर पुरतो, आपल्याकडे साडेपस्तीस. मुलाला हा हिशेब करायला सांगा. आणि शक्य झालं तर सुट्टीत भारतात आलात की त्याला मुंबईहून पुण्याला दिवसाच्या गाडीने न्या. मार्ग आल्यावर तो पहिल्याच वळणावर ओळख देईल.

प्रश्न: मुलगा दहावीत आहे. या मार्गाची वाट पाहतो आणि लोको पायलटच व्हायचं म्हणतो. खेळामुळे अभ्यास मागे पडेल अशी भीती वाटते. (गृहिणी, सोलापूर)

उत्तर: ताई, त्याला दोन गोष्टी आत्ताच सांगा. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीला दहावीनंतर ठरावीक ट्रेडचं आयटीआय किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा लागतो. लेखी परीक्षांनंतर एकाग्रता आणि चपळाईची संगणकावरची चाचणी असते, तीत गुण कमी पडले तर पुढे जाता येत नाही. दुसरी गोष्ट डोळ्यांची. चष्म्याशिवाय दूरची नजर दोन्ही डोळ्यांनी ६/६ हवी, रंग ओळखण्यात कसूर चालत नाही. त्याची नजर आजच तपासून घ्या, म्हणजे खरं काय ते आधी कळेल.

सिम्युलेटर बंद करू नका, रविवारी द्या. आणि तो चालवताना शेजारी बसून प्रत्येक सिग्नल मोठ्याने म्हणायला लावा: हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, लाल. आम्ही ड्रायव्हर आणि असिस्टंट केबिनमध्ये असंच एकमेकांना ओरडून सांगतो. तुम्ही असिस्टंट व्हा. मुलाला ते फार आवडेल.

प्रश्न: १७ सप्टेंबर २०२५ ला आमच्या बीडला रेल्वे आली. माझे वडील तिची वाट पाहत गेले. अहिल्यानगर–बीड मार्ग सिम्युलेटरमध्ये कधी येईल? (शेतकरी, बीड तालुका)

उत्तर: दादा, हा मार्ग तुमच्याच भागातल्या कोणीतरी करावा असं मला वाटतं, आणि तो भोर घाटापेक्षा लवकर होऊ शकतो. जमीन तुलनेने सोपी आहे, घाटासारखे कडे नाहीत, स्टेशनं नवी आहेत आणि त्यांची चित्रं आजच काढता येतात. दहा वर्षांनी तिथे काय-काय बदललेलं असेल, म्हणून पहिल्या दिवसांतलं स्टेशन, पहिल्या गाडीचे डबे, फलाटावरच्या पाट्या यांची नोंद आत्ता व्हायला हवी.

तुमच्या गावात संगणक शिकलेला कोणी मुलगा किंवा मुलगी असेल तर तिला माझ्याकडे पत्र लिहायला सांगा. सुरुवातीला बीड स्टेशन आणि त्याच्या अलीकडचे पाच किलोमीटर, एवढंच. रूळ कसे बसवायचे ते कल्याणची मुलं शिकवतील, त्यांच्याशी मी बोललो आहे. सिग्नल मी तपासून देईन. तुम्ही फक्त फलाटावर उभे राहून दोन्ही दिशांनी, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, असे फोटो काढून ठेवा. सावलीवरून इमारतीची उंची काढता येते.